भिंतींचं पाणी थांबलं तेव्हा

"मॅडम, आजपासून पाणी मारणं बंद," सुमनबाई म्हणाली आणि हातातला पाइप खाली टाकून मोकळी झाली.

भूकंपानंतर निलंग्याकडच्या एका गावाचं पुनर्वसन चालू होतं. मी साइट इंजिनिअर. नव्या सिमेंटकामाला रोज भिजवावं लागतं, त्याला आम्ही क्युरिंग म्हणतो. ते चुकलं की भिंत दिसायला भिंत, आतून भुगा. त्यात ऊन असं, की सकाळी भिजवलेलं दुपारी कोरडं ठणठणीत.

"झालं काय, बाई?"

"मुकादमाला इचारा."

सावलीत पिण्याच्या पाण्याचा ड्रम होता. बाकीचे तांब्या बुडवून प्यायचे. सुमनबाई आणि तिच्यासोबतच्या बाया बौद्ध. त्यांनी ओंजळ धरायची, वरून कुणीतरी ओतायचं. त्या सकाळी तिनं स्वतः तांब्या बुडवला, तर मुकादमानं अख्खा ड्रम मातीत ओतला. तिच्यादेखत! माझं डोकंच फिरलं.

साहेबांना फोन लावला.

"दोन ड्रम ठेवा, विषय संपवा," साहेब म्हणाले. "आणि तुम्ही असल्या भानगडीत पडू नका."

सुमनबाईला दोन ड्रमचं सांगितलं. ती हसली.

"आमच्या हातचं पाणी भिंतीला चालतं, अन् ड्रमला चालत न्हाई व्हय? एकच ड्रम ठिवा."

"अगं, ह्या नव्या घरांच्या ओळीत तुझंही घर आहे."

"हाय की. ते बी वाळू द्या."

तिचा नवरा भूकंपात जुन्या घराखाली गेला होता. पक्क्या भिंतीची किंमत तिला मी काय सांगणार? शेजारी रशीदमिस्त्रींनी थापी धुऊन पिशवीत टाकली. "मॅडम, आपलंबी काम बंद."

मुकादमाची माणसं पाइप घेऊन धावली. एक ओळ भिजेपर्यंत दुसरी वाळायची. दुसऱ्या दिवशी गावातले अण्णा आले. गावात त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी आपल्या नव्या घराच्या भिंतीवर हात फिरवला. सांध्यातला माल बोटांवर आला.

"ड्रम भर," ते मुकादमावर ओरडले. "अन् ह्यास्नी पिऊ दे."

"पण अण्णा, आपली रीत..."

"माझी बायको गेली ढिगाऱ्यात, तवा रीत आली होती का काढायला? भर म्हणतो ना!"

ड्रम भरला. सुमनबाईनं तांब्या बुडवला, सगळ्यांसमोर सावकाश प्यायली. अण्णांनी मात्र घोटभरही घेतलं नाही. मान फिरवून उभे राहिले. मग तिनं पाइप उचलला आणि आधी अण्णांच्याच भिंतीला पाणी धरलं.

"अगं, तुझी भिंत?"

"त्यांची लई सुकलीया, मॅडम. माझी धरंल दम."

साहेबांनी वर कळवलं, 'किरकोळ अडचण दूर झाली.' मी म्हटलं, बरं. तेव्हापासून कुठल्याही साइटवर गेले की सिमेंटच्या आधी पिण्याच्या पाण्यापाशी जाऊन उभी राहते. काम कुठं तडकणार आहे, ते तिथं आधी दिसतं.