बालाजीरावांचं ऑपरेशन

किस्से जमवायचे असतील तर माणसानं कुटुंब नियोजनात यावं. बाकीच्या विभागांत महिन्याला एखादा घडत असेल, आमच्याकडं ओपीडी संपेपर्यंत तीन होऊन गेलेले असतात आणि चौथा जिना चढत असतो. लातूरहून मी नांदेडला या विषयातल्या फेलोशिपला आले, तेव्हा नोट्स काढायला दोनशे पानी वही आणली होती. नोट्स वीस पानांत संपल्या. बाकीची वही कशानं भरली ते सांगते.

पहिल्याच सकाळी काहीतरी चुकतंय असं वाटलं होतं. ‘पुरुष समुपदेशन कक्ष’ अशी पाटी असलेलं दार आतून बंद होतं. आत कुणाचं तरी समुपदेशन चालू असणार म्हणून मी आदबीनं टकटक केलं.

आतून आवाज आला, “थांबा, बाया हायत.”

माझ्या हातातली फाईल पडली. मी तशी कुकरच्या शिट्टीलाही दचकते. दार किलकिलं झालं. आत तीन सिस्टर. एक साडी बदलत होती, एक डबा उघडत होती, आणि गायकवाड सिस्टर, म्हणजे आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज, आरशासमोर टिकली लावत होत्या.

“या की मॅडम. घाबरून काय राहिलात?”

“पण बाहेर पुरुष कक्ष लिहिलंय.”

“म्हणून तर,” सिस्टर म्हणाल्या. “आख्ख्या दवाखान्यात कपडे बदलायला यापेक्षा सेफ जागा न्हाई. मी इथं आल्यापासून एक बी पुरुष आत आला न्हाई.”

मीही माझा डबा तिथंच ठेवला.

*

आमच्या फेलोशिपमध्ये पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी शिकावी लागते. दहा-पंधरा मिनिटांचं काम. टाका नाही, बेशुद्ध करणं नाही, माणूस चालत घरी जातो. बाईच्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी सोपं. हे मी रोज सांगते. चित्रं दाखवून सांगते.

एकदा हदगावकडचं एक जोडपं आलं. बाईच्या कडेवर लेकरू, खांद्याला बॅग, दुसऱ्या हातात बाजाराची गच्च भरलेली पिशवी. नवऱ्याच्या हातात मोबाईल. मी दोघांना बसवून वीस मिनिटं समजावलं. नवरा इतकं लक्ष देऊन ऐकत होता, की मला वाटलं झालं, आज पहिली केस मिळाली.

शेवटी तो म्हणाला, “लई चांगली माहिती दिली मॅडमनं.” आणि बायकोकडं बघितलं.

ती म्हणाली, “मॅडम, माझंच करा. त्यांना लई कष्टाचं काम हाय, कमजोरी आली तर कसं?”

“काय करतात ते?”

“सेतू केंद्रात कम्प्युटरवर असतात.”

एवढं बोलून तिनं लेकरू या कडेवरून त्या कडेवर घेतलं, पिशवी उचलली आणि नवऱ्याचा चार्जरही तिनंच टेबलावरून उचलला.

आमच्या युनिटच्या प्रमुख जाधव मॅडम दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मॅडमचा आवाज कधी चढत नाही, त्यामुळं त्यांची जास्त भीती वाटते. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, माहिती पुष्कळ दिलीत. माहिती त्याच्याकडं होतीच. त्याला गावात सांगायला काहीतरी हवं होतं, ते तुम्ही दिलं नाही.”

मी ते वहीत लिहून घेतलं. कळलं मात्र काही नाही.

*

मग पुरुष नसबंदीचा पंधरवडा आला. एका तालुक्याच्या गावी मोठा कार्यक्रम ठेवला. मंडप, बॅनर, बॅनरवर हसणारं जोडपं. ऐकायला समोर नव्वद टक्के आशाताई आणि बाजाराला आलेले, खुर्च्या दिसल्या म्हणून बसलेले आठ-दहा म्हातारे.

जिल्ह्याहून मोठे साहेब आले होते. साहेब जोरदार बोलले. “पुरुषानं पुढं यायला पाहिजे. किती दिवस बाईच्या अंगावर टाकणार? मर्दानगी जबाबदारीत असते.” आशाताईंनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं हात वर केला. “साहेब, इचारू का?”

“विचारा की काका.”

“तुमचं झालंय का?”

साहेबांनी माईक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“आमच्या मिसेसचं झालंय,” साहेब म्हणाले.

लगेच आभार प्रदर्शन झालं.

*

केस नसेल तर हात कसा बसणार? म्हणून मॅडमनी मला सरावाला एक रबरी मॉडेल दिलं. लाकडी पाटावर बसवलेलं, वरून कातडीसारखं रबर, आत दोन नळ्या. दिवाळीला मी ते बॅगेतून लातूरला घरी नेलं आणि पलंगाखाली ठेवलं.

आईला साफसफाईत ते सापडलं. आई कौतुकाची. तिनं ते पुसून हॉलच्या शोकेसमध्ये, माझ्या गोल्ड मेडलशेजारी मांडलं. मला पत्ता नाही. आणि दुसऱ्या दिवशी स्थळ बघायला आलं.

पोहे झाले. मुलाचे वडील, रिटायर्ड हेडमास्तर, शोकेससमोर जाऊन उभे राहिले. चष्मा वर करून त्यांनी ते मॉडेल बाहेर काढलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात.

“ही किडनी का?” त्यांनी विचारलं.

“हो,” आई अभिमानानं म्हणाली. “बाळ त्याच्यावरच शिकतेय.”

त्यांनी ते उलटं केलं, दाबून बघितलं, नळ्या मोजल्या. “वा, हुबेहूब. आमच्या थोरल्या भावाची काढली ना, अगदी अशीच होती.”

सगळ्यांच्या हातांतून ते फिरलं. मुलाच्या मांडीवर तर ते दहा मिनिटं होतं. मी त्या दिवशी जितकी गप्प बसले, तितकी कधी बसले नसेन. मुलाच्या आईला मी फार आवडले. शांत आहे म्हणाल्या.

स्थळ पत्रिकेवरून फिसकटलं. मी पहिल्यांदा पत्रिकेचे आभार मानले.

*

आता सविताचं सांगते. ते सांगताना मला अजून घाम फुटतो.

सविता मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली. वय सत्तावीस, दोन लेकरं. लहानपणी ताप येऊन हृदयाची एक झडप खराब झालेली. दुसऱ्या बाळंतपणात ती जाता जाता वाचली. हृदयाच्या डॉक्टरांनी तिच्या कागदावर लाल पेनानं लिहिलं होतं की पुन्हा दिवस राहता कामा नयेत, आणि भूल देऊन ऑपरेशनही करू नये. गोळ्या चालत नव्हत्या. कॉपर-टी दोनदा बसवली, दोनदा निघून आली. राहिला एकच रस्ता, नवऱ्याची नसबंदी.

नवरा बालाजी. मुखेड–नांदेड जीप चालवतो. दांडगा माणूस, मिशा पिळलेल्या, पण बायकोचा कागद वाचून दाखवला तेव्हा खाली बघत बसला. मी चार वेळा सांगितलं, “बालाजीराव, ऑपरेशन तुमचं आहे. गुरुवारी या. उपाशी राहायचं नाही, हलकं खाऊन या.”

“हाव मॅडम. येतो.”

त्यांच्या गावच्या आशा शोभाताई सोबत होत्या. त्या म्हणाल्या, “मी आणते बरोबर. फिकीर करू नका.”

त्या आठवड्यात मी मॉडेलवर इतका सराव केला, की नळ्या सैल झाल्या.

*

गुरुवारी आठला मी कपडे बदलून तयार होते. पुरुषांचं ऑपरेशन छोट्या खोलीत, म्हणून मी तिथं. पावणेनऊ झाले, माणूस नाही. वॉर्डात बघायला गेले तर मोठ्या थिएटरच्या दारात स्ट्रेचर. स्ट्रेचरवर हिरवा गाऊन घातलेली, बांगड्यांना चिकटपट्टी लावलेली सविता.

मी ओरडले. म्हणजे ओरडले असं नंतर सगळे सांगतात. मला एवढंच आठवतं की मी स्ट्रेचरसमोर आडवी उभी राहिले आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांची सिरिंज हातातच राहिली.

मग कुणी काय केलं ते एकेक करून बाहेर आलं. बालाजी घरी म्हणाला, ‘गुरुवारी ऑपरेशनला जायचंय.’ सासूनं ऑपरेशन म्हटल्यावर सविताला रात्रीपासून उपाशी ठेवलं. शोभाताईंनी सवयीनं तिची पिशवी भरली. खिडकीवर केस पेपर तिच्या नावानं निघाला, कारण कुटुंब नियोजनाचा पेपर बाईच्याच नावानं निघतो. गायकवाड सिस्टरांनी गाऊन दिला. लाल पेनाचा कागद पिशवीच्या तळाशी, डब्याखाली.

“अगं सविता, तू तरी बोलायचंस ना.”

“मला वाटलं तुमचं ठरलं असंल,” ती म्हणाली.

बालाजी बाहेर बाकावर. मी विचारलं, “तुम्हाला मी काय सांगितलं होतं?”

“खाऊन या म्हणलात. खाऊन आलो की.”

जाधव मॅडम आल्या. सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, “कुणाचंच काही चुकलं नाही. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं, आणि बाई मरणार होती.” मग बालाजीकडं वळल्या. “चला, तुम्ही आत या.”

तो उठला. खरंच उठला. तेवढ्यात गेटमधून एक दुसरा जीपवाला आत डोकावला. “काय बालाजी, आज इथं? कुणाला आणलंस?”

“बायकूला,” बालाजी पटकन म्हणाला. मग मला म्हणाला, “मॅडम, गाडी रस्त्यात लागलीय. काढून येतो.”

सविता चहा-बिस्किट खात बारापर्यंत बसली. शेवटी शोभाताई तिला एसटीनं घेऊन गेल्या.

*

शुक्रवारी सकाळी मी बालाजीला फोन लावला. पूर्ण रिंग वाजली. दुपारी लावला, कट झाला. शनिवारी बंद. सोमवारी चालू, पण कुणी उचलत नव्हतं. गायकवाड सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही लग्नाच्या पोरालाबी एवढे फोन केले नसतील.” मी हसले नाही. मला रात्रंदिवस एकच दिसत होतं, सविताला पुन्हा दिवस राहिलेले आणि माझ्या हातात नुसता तो लाल पेनाचा कागद.

बुधवारी शोभाताईंचा फोन आला. आवाज उतरलेला. “मॅडम, मी दोन दिवस मीटिंगला गेल्ते. आता आले तर गावात म्हणून राहिलेत, सविताचं ऑपरेशन झालं. सोमवारी. लातूरला नेलं होतं म्हणं.”

“सविताचं?”

“हाव. निजूनच हाय ती. मी गेले तर सासूनं दारातनंच परत धाडलं. इश्रांती द्या म्हणाली.”

लातूरला कुणी घेतलं तिला? कागद दाखवला का? भूल किती दिली? लातूरच्या ओळखीतल्या दोन डॉक्टरांना मी विचारलं, त्यांना काही माहीत नव्हतं. मी जाधव मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिले, आणि बोलायचं सोडून रडायलाच लागले.

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं केला. “बसा. रडताना नंबर लावता येतो. लावत राहा. नाही लागला तर आपण दोघी आता गाडीनं मुखेडला निघतोय.” त्यांनी ड्रायव्हरला निरोपही पाठवला.

पाचव्या वेळी रिंग थांबली.

“हलू,” कुणीतरी अगदी कुजबुजलं. बाईचा आवाज.

“सविता? सविता, तूच ना? धाप लागतेय का? छातीत दुखतंय? भूल कुणी दिली तुला?”

“हळू बोला मॅडम. मला काई झालं न्हाई.”

“मग ऑपरेशन?”

“झालं की. त्यांचं.” आवाज आणखी खाली गेला. “नांदेडात स्टँडवर सारे वळखीचे ना, म्हणून लातूरला जाऊन आलो. गावात माझंच झालं म्हणून सांगितलंय. सासूबाई डिंकाचे लाडू देऊन राहिल्यात, खाटंवरून खाली पाय ठेवू देईनात. तुमचे सारखे फोन येतात म्हणून फोन बी माझ्यापाशीच ठेवून गेलेत.”

“आणि बालाजीराव? ते कुठं आहेत?”

“ते व्हय? सकाळधरनं नांदेडच्या दोन ट्रिपा झाल्या त्यांच्या. उशी नेलीय सीटवर टाकायला.” मागं ताटलीचा आवाज झाला. “ठेवते मॅडम. शिरा आलाय मला.”