दादाची तिसरी पटकथा

आमचा दादा भुताचे सिनेमे लिहितो, हे मी सासरी पाच वर्षं लपवलं. विमा कचेरीत कारकून आहे, एवढंच सांगायचे. ते खोटंही नव्हतं. दिवसभर तो लोकांच्या मृत्यूचे दावे तपासायचा आणि कचेरी सुटली की तिथल्याच पाठकोऱ्या कागदांवर भुतं लिहीत बसायचा.

पहिल्या सिनेमात त्याची चेटकीण जिना उतरली आणि थिएटर खो-खो हसलं. दुसऱ्यात लोक हसलेसुद्धा नाहीत, उठून गेले. लहानपणी दाराआडून 'भो' करून मला रडवणारा हा माणूस, पण पडद्यावर त्याला एक पोर घाबरवता येईना. दिग्दर्शकाने शेवटी सुनावलं, "तुमची भुतं वाचलेली आहेत हो, पाहिलेली नाहीत. ही शेवटची संधी. खरं काहीतरी आणा."

खरं काहीतरी दादाजवळ होतं. बाबा गेले तेव्हा वरच्या खोलीत तो एकटाच होता. आईला त्याने सांगितलं, झोपेतच गेले, कळलंसुद्धा नाही. त्या एका वाक्यावर आई सहा वर्षं तग धरून होती. खरं काय ते त्याने फक्त मला सांगितलं होतं. बाबांना भिंतीतून माणसं येताना दिसत होती, आणि आईला बोलव म्हणून ते तासभर विनवत होते. याने बोलावलं नाही. तिने त्यांना तसं पाहू नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

तेच त्याने लिहायला घेतलं. मी कडकडून भांडले. "अगं, कुणाला ओळखू यायचं नाही," तो म्हणाला. बाबांचा त्याने दीपगृहाचा रखवालदार केला. आई शाळेत शिकवायची म्हणून बाबा तिला चिडवून 'मास्तरीणबाई' म्हणायचे, तिथे त्याने 'डॉक्टरसाहेब' घातलं. मी गप्प बसले. ते कागद मी तेव्हाच फाडायला हवे होते.

शूटिंगच्या दिवशी ते 'डॉक्टरसाहेबांना बोलव' वाक्य नटाच्या तोंडी बसेना. बाराव्या टेकला दिग्दर्शक वैतागला. "आधी काय लिहिलं होतंत?" आणि लेखकाची खोड कुठे जाते? दादाने मूळ वाक्य देऊन टाकलं. पुढच्याच टेकला काम झालं.

पहिल्या खेळाला नको नको म्हणत असताना आई आलीच. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना. पडद्यावरचा म्हातारा भिंतीकडे बघत म्हणाला, "मास्तरीणबाईंना बोलव रे. त्या आल्या की हे जातील." कुणी खोकलंसुद्धा नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईने नवऱ्याचा हात घट्ट धरला. दादाला जन्मभर हवं होतं ते त्याला मिळत होतं, आणि तो खुर्चीत पार खचला होता.

मध्यंतराला दिवे लागले. लोक चहाला उठले. आई रडली नाही. शाळेत हजेरी घ्यायची त्या आवाजात तिने दादाला सांगितलं, "मी खालीच होते रे."

पदर सारखा करून ती पुढे म्हणाली,

"भाजी निवडत होते. हाक मारली असतीस तर ऐकू आली असती."