अंगठ्याचं नख

मी नातीच्या थोबाडीत मारली. बुलढाण्याहून आलेल्या साहेबासमोर, वस्तीतल्या बायकांसमोर. ती खरं बोलली म्हणून.

साहेब तपासणीला आला होता. गरिबाच्या घरात शिकणारं लेकरू असेल तर सरकार कमी पैशात कॉम्प्युटर आणि इंटरनेट देतं, त्या योजनेची तपासणी. माझ्या घरात, धान्याच्या कोठीवर कॉम्प्युटर मांडला होता. त्याला हळद-कुंकू लावलं होतं. साहेबानं विचारलं, "आजी, नात शिकते का यावर?"

"रोज शिकते साहेब," मी म्हणाले. तसंच सांगायचं ठरलं होतं.

"खोटं हाय साहेब," शीतल मधेच बोलली. "आज सकाळीच आणला हा. भाऊसाहेबाच्या घरी राह्यते. मले हातबी लावू देत नाहीत."

माझा हात उठला. बारा वर्षांची पोर. रडली नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली.

भाऊसाहेब दारात उभे होते. ते हसले. "पाह्यलं साहेब? सरकारनं कितीबी देऊ द्या. या वस्तीतल्या पोरायले बोलाचं वळणच नाही."

साहेबही हसला. मला कॉम्प्युटरशेजारी उभं केलं, फोटो काढला आणि गेला.

भाऊसाहेब म्हणजे गावातले मोठे जमीनवाले. त्यांचा कापूस-बियाण्याचा प्लॉट होता. आमचं एकरभर रान आदल्या साली बोंडअळीनं खाल्लं. मुलगा-सून वीटभट्टीवर गेले. मी आणि शीतल प्लॉटवर जायला लागलो. बीटी कापसाचं बियाणं कारखान्यात तयार होऊन पुडीत येतं असं लोकांना वाटतं. ते आमच्यासारख्यांच्या नखांनी होतं. दुपारनंतर कळी सोलायची, आतले पिवळे परागाचे दाणे सगळे खरवडून काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचं फूल आणून त्यावर घासायचं. कळी सोलायला अंगठ्याचं नख लांब लागतं. पोरींची बोटं बारीक, म्हणून मुकादमाला पोरी हव्या असतात. शीतलला मीच नेलं. शाळा बुडवून नेलं.

कॉम्प्युटरच्या पैशातला माझा वाटा मी शेळी विकून भरला होता. कॉम्प्युटरची खोकी आली त्याच दिवशी भाऊसाहेब वस्तीवर आले. "बुढे, तुह्या टिनाच्या घरात उंदरं वायर खातीन. माह्याकडं राहू दे. पोरगी येऊन शिकत जाईन."

मी हो म्हणाले. मला समजलं नाही, असं मी सांगणार नाही. सगळं समजलं होतं. नाही म्हटलं तर प्लॉटचं काम जाईल, हेही समजलं होतं.

शीतलनं मात्र त्याच दिवशी अंगठ्याचं नख कापून टाकलं. "बटनं दाबाले आडवं येते आजी," म्हणाली. मी तिला शिव्या घातल्या. नखाशिवाय कळी कशानं सोलणार? ती संध्याकाळी भाऊसाहेबांच्या ओसरीवर जाऊन बसायची. आत त्यांचा मुलगा गाड्यांचा खेळ खेळायचा. मालकीण म्हणायची, "त्याचं होऊ दे." त्याचं कधी झालंच नाही.

साहेब गेला त्या संध्याकाळी टेम्पोतून कॉम्प्युटर परत भाऊसाहेबांकडे गेला. मलाही बोलावणं होतं. मालकिणीनं माझ्या हातात फडकं दिलं. "तुमच्या घरून आला. तूच पूस."

मी पुसला. माझ्या शेळीचा, माझ्या नावाचा कॉम्प्युटर, माझ्या घराचा वास जावा म्हणून मीच पुसला. शीतल ओसरीवरून बघत होती.

त्यानंतर तिचं ओसरीवर जाणं बंद झालं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. कटकट मिटली. मग एकदा प्लॉटवर ती माझ्या शेजारच्या ओळीत कळ्या सोलत होती. भराभर. मुकादम तिला म्हणाला, "आता जमलं बाप्पा तुले. नख वाढवलं वाटते."

मी तिचा अंगठा पाहिला. नख लांब झालेलं. खाली काळा-हिरवा चीक.

कॉम्प्युटर भाऊसाहेबांनी नेला होता. पण ते नख मी वाढवायला लावलं होतं. त्या एका थापडीनं.

दिवाळीनंतर तोच साहेब पुन्हा आला. पुन्हा सकाळी टेम्पो, पुन्हा कोठी, पुन्हा हळद-कुंकू. मी शीतलला हाताला धरून माझ्या शेजारी उभी केली.

"काय आजी, शिकते ना नात?"

"नाही शिकत. हा आमच्या घरी नसतेच. मांगच्या बारी पोरगी खरं बोलली होती. खोटी मी होती."

भाऊसाहेब ओरडले, "बुढे, डोकं फिरलं का वं तुहं?"

"तवा फिरलं होतं."

साहेब म्हणाला, "मग त्या वेळी पोरीला मारलं कशाला?"

"या भाऊसाहेबाच्या प्लॉटवर आमचं पोट हाय म्हणून मारलं. तुमी तरी कुठी इचारलं तवा? फोटो काढला अन् गेले."

साहेबानं वही मिटली. "बघतो," म्हणाला आणि गाडीत बसला. त्यानं काय बघितलं, ते आजवर कळलेलं नाही.

संध्याकाळी टेम्पोवाले आले. मी उंबऱ्यात पाय पसरून बसले.

"सरक ना बुढे, न्याचा हाय तो."

"आंधी मले उचला. मंग त्याले उचला."

वस्तीतल्या बायका जमल्या. टेम्पो उभा होता तोवर कोणी घरी गेली नाही. टेम्पो रिकामा गेला.

दुसऱ्या दिवसापासून प्लॉट आम्हाला बंद झाला. आता मी पलीकडच्या गावात तण निंदायला जाते. एकटी जाते. शीतल शाळेत जाते. कॉम्प्युटर कोठीवर आहे, पण इंटरनेटचा डबा अजून भाऊसाहेबांच्या भिंतीवर आहे. तोही माझ्याच नावाचा. प्रत्येक ग्रामसभेत मी उभी राहून तो मागते. "बसा आजी," म्हणतात. मी बसत नाही. डबा माझ्या भिंतीला लागेपर्यंत बसणार नाही.

शीतलनं नख कापलं आहे. पण बटण दाबायच्या आधी ती अजून माझ्या हाताकडे बघते. दर वेळी बघते. मी तिची माफी मागितलेली नाही. मागितली तर ती देऊन टाकेल, आणि मला माफी इतक्या स्वस्तात नको. तिच्या तोंडावर पुन्हा कोणाचा हात पडणार नाही, माझाही नाही, एवढं मी बघणार आहे.

हे कोण्या दुसऱ्या बाईचं ऐकून सांगितलेलं नाही. मारणारी मीच होते.