डावीकडची जागा

"चेंडूच्या मागे धावायचं नाही गो. त्याला घरी येऊ द्यायचं." असं म्हणत बाई दोन्ही हात पोटाशी धरायच्या, करंगळीला करंगळी लावून, सुपातून काही सांडू नये तसे. अंगावर आलेला चेंडू त्यांच्या हातात पडताना आवाज व्हायचा नाही. आवाज झाला म्हणजे हात कडक होते, असं त्यांचं म्हणणं. पहिले काही आठवडे मुलींना त्या ओला स्पंजचा चेंडू द्यायच्या. ज्या मुलीच्या तोंडावर पाणी उडेल तिने पुन्हा झेलायचं.

आमची शाळा रत्नागिरीत, उघड्या कातळावर. मैदानही कातळच, त्यावर लाल माती पसरलेली. मी गणित शिकवतो. बाई खेळ शिकवायच्या, मुलींचा क्रिकेट संघ तयार करायच्या, आणि चेंडू टाकायला कुणी हवं म्हणून संध्याकाळी मला मैदानावर ओढून न्यायच्या. स्लिपच्या मुलींना गुडघ्यात वाकवून ठेवायच्या. "आधी उठू नको. उठायला वेळ लागत नाही, बसायला लागतो." बॅटच्या अगदी जवळ उभ्या राहणाऱ्या मुलीला हेल्मेट असल्याशिवाय बाई मातीत आखलेल्या रेषेच्या आत येऊ देत नसत. एका पालकाने एवढं कशाला म्हणून विचारलं, तर बाई हसून म्हणाल्या, "तुमची मुलगी जशी आणलीत तशी परत द्यायचीय मला."

अशी माणसं आपल्या आजूबाजूला असतात आणि त्यांच्यात काही बदललं तर ते आपल्याला उशिरा कळतं. तुम्हीही पाहिलं असेल. मला आधी दिसली ती त्यांची स्कूटी. मिरजोळ्याहून त्या रोज तिच्यावरून यायच्या. तिच्या डाव्या अंगाला ओरखडे पडू लागले. गेटच्या चिऱ्याला घासते मेली, असं त्या म्हणायच्या. गेट तेच होतं, चिरेही तेच होते, आणि त्यातून त्या कित्येक वर्षं येत-जात होत्या.

मग एका दुपारी डबा खाताना त्या झाकण लावत होत्या तेव्हा आत डावीकडे तळलेला बांगडा तसाच राहिलेला मला दिसला. बाई मच्छीमारांच्या घरातल्या, काट्याला मांसाचा कण ठेवायच्या नाहीत. मी म्हटलं, बांगडा राहिला की. त्यांनी झाकण उघडून पाहिलं, मान वळवली, पुन्हा पाहिलं. "अगो बाई," एवढंच म्हणाल्या. पण खाल्ला नाही.

मैदानावर आणखी एक गोष्ट चालली होती. सरावाला एक तरी मुलगी कायम बाईंच्या डाव्या हाताला असायची. चेंडू तिकडून आला की ती मधेच अडवायची. मला वाटलं, नवीन काही पद्धत असेल.

त्या संध्याकाळी बाई बॅट घेऊन उभ्या होत्या. मी चेंडू टाकायचा, त्यांनी कडेला लावून स्लिपकडे वळवायचा, असं चाललं होतं. प्रत्येक चेंडूआधी त्या चहूकडे बघून घ्यायच्या. तन्वी, मुलींची कप्तान, घरंगळलेला चेंडू उचलायला त्यांच्या डावीकडून जवळ आली होती. माझा चेंडू आखूड पडला आणि बाईंनी तो डावीकडे जोरात ओढला. तन्वीच्या हेल्मेटच्या जाळीवर तो आदळल्याचा आवाज आजही माझ्या कानात आहे.

तन्वीला काही झालं नाही. जाळी आत वाकली होती, गालापासून बोटभर अंतरावर. ती पडली, पण लगेच उठून बसली; बाई मात्र मातीत बसल्याच.

"मी बघितलं होतं हो सर," त्या मला म्हणाल्या. "तिथे कोणी नव्हतं."

त्यांनी बघितलं होतं हे खरं. मी स्वतः त्यांची मान तिकडे वळताना पाहिली होती.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. मग त्यांनी मेंदूचा स्कॅन करायला पाठवलं. डोक्यात उजवीकडे गाठ होती आणि ती डावीकडचं जग हळूहळू पुसत होती. मुंबईला जाऊन शस्त्रक्रिया करा, उशीर नको, असं सांगितलं. बाई म्हणाल्या, मुलींची शाळांमधली स्पर्धा तोंडावर आहे, ती झाली की जाते. मुख्याध्यापिकांनी समजावलं, मी समजावलं. त्या ऐकेनात.

शेवटी तन्वी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. बाकीच्या मुली तिच्यामागे.

"बाई, तुम्ही मुंबईला गेलात तर आम्ही खेळू. नाहीतर नाही."

बाई चिडल्या. कोणी शिकवलं हे, म्हणाल्या. मुली हलल्या नाहीत. मग बाईंचा आवाज खाली आला.

"माझ्या डावीकडे उभं राहायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कोणी नाही. आम्ही आळीपाळीने राहत होतो."

"कधीपासून?"

"गणपतीच्या सुट्टीनंतर," तन्वी म्हणाली.

बाई उठल्या. त्यांनी रजेचा अर्ज मागितला. दुसऱ्या दिवशी अलोऱ्याहून त्यांचा भाऊ गाडी घेऊन आला. जाताना त्यांनी मला बजावलं, स्लिपला ऊन समोरून येत असेल तर मुलींना टोप्या घालायला सांगा.

शस्त्रक्रिया आणि अंतिम सामना एकाच दिवशी आला. मी सीमारेषेवर खुर्चीत बसलो होतो. समोरच्या शाळेची शेवटची जोडी खेळत होती आणि धावा फार उरल्या नव्हत्या. त्यातच फोन वाजला. बाईंचा भाऊ होता. शांतपणे बोलला. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले म्हणाला, मुलींना आज सांगू नका म्हणाला.

मी फोन खाली घेतला तेव्हा मैदानात आरडाओरडा झाला. दुसऱ्या स्लिपच्या मुलीने जमिनीलगतचा झेल घेतला होता आणि तिच्यावर सगळ्या कोसळल्या होत्या. मग त्या उठल्या आणि लाल मातीने माखलेल्या, हसत, धापा टाकत, थेट माझ्याकडे धावत आल्या.

"सर, बाईंना फोन लावा ना. आम्ही सांगतो त्यांना."

फोन माझ्या हातातच होता. मी म्हटलं, आधी सगळ्याजणी पाणी पिऊन घ्या.