कोहळ्याएवढा सूर्य

दर वर्षी डिसेंबरात माझा साळा हिवरखेडहून एक कोहळं, म्हणजे आमच्याकडचा पिवळा भोपळा, घेऊन अकोल्याच्या बसस्टँडवर यायचा, आणि मी अमरावतीहून ते आणायला जायचो. भाजीची शेती त्यांची पिढीजात, त्यामुळे कोहळ्यांना तोटा नव्हता. पण हे कोहळं फूटभर रुंद आणि गोल लागायचं. चपटं चालायचं नाही, कारण तो सूर्य होता.

माझी बायको भातकुली रस्त्यावरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. सूर्य एवढा धरला तर पृथ्वी बाजरीच्या दाण्याएवढी होते, हे ती फळ्यावर सांगून थांबत नसे. कोहळं शाळेच्या फाटकाच्या खांबावर ठेवायची आणि सातवीच्या मुलांना घेऊन सरळ रस्त्याने चालू लागायची. बुध म्हणजे खसखशीचा कण, शुक्रही बाजरीचाच दाणा, मंगळ राजगिऱ्याचा. गुरू लिंबाएवढा, शनी बोराएवढा, युरेनस आणि नेपच्यून काबुली हरभऱ्याएवढे. एका वर्षी पृथ्वी चिमणीने खाल्ली. तेव्हापासून बारीक ग्रह ती पुठ्ठ्यावर चिकटवून नेई.

अंतरं ती पावलांनी मोजायची. टेप शाळेतच राहतो, पावलं पोरांबरोबर घरी जातात, असं तिचं म्हणणं होतं.

संध्याकाळी सूर्य आमच्या घरी यायचा. अख्ख्या कोहळ्याला पहिली चीर बाईने द्यायची नाही, असं तिच्या माहेरी पाळतात. तिचा त्यावर विश्वास नव्हता, तरी ती विळी माझ्यापुढे सरकवायची. "द्या. वर्षातून एवढं एकच काम आहे तुम्हाला." मी चीर द्यायचो आणि पुन्हा पुस्तक उघडायचो. मी ग्रंथपाल होतो. ग्रहांबद्दल माझं वाचन तिच्याहून जास्त होतं, आणि ते तसंच कपाटात राहिलं.

या पावसाळ्यात ती गेली. दिवाळीनंतर मुख्याध्यापिकांचा फोन आला. तुम्हाला जमत असेल तर बघा, नाहीतर यंदापासून मुलांना पडद्यावरच सूर्यमाला दाखवू, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. मी जमेल म्हणालो. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि तेवढं बोलण्याचं त्राण नव्हतं. फोन ठेवल्यावर मात्र लक्षात आलं की आपण चुकलो तर तिचं हे चालणं कायमचं बंद होणार.

साळ्याने स्टँडवर पिशवी माझ्या हातात दिली. मग विचारलं, "भाऊजी, यंदाही पाहिजेच होता का सूर्य?" शाळेला हवा आहे, मी सांगितलं. "मंग न्या. वेलावरचा सगळ्यात गोल पाहून आणला. चपटा पाठवला तं आमची बाई वापस पाठवे." आणि तो लागलेल्या बसेसच्या पाट्या बराच वेळ वाचत राहिला.

आदल्या दिवशी मी एकटाच तालीम करायला गेलो. तिच्या अक्षरातला कागद खिशात होता: पृथ्वी चोपन्न पावलं, गुरू दोनशे ऐंशी, शनी पाचशे तेरा, युरेनस एक हजार बत्तीस, नेपच्यून सोळाशे सोळा. चोपन्नाव्या पावलाला मी कडुनिंबाच्या बराच पुढे होतो. तिची पृथ्वी निंबाच्या सावलीत असायची, हे मला आठवत होतं. मोजण्यात चूक झाली असेल असं समजून चालत राहिलो. पानठेल्याच्या पुढे गेल्यावर मागून ठेलेवाल्याने हाक मारली.

"सर, म्याडमचा शनी तं इथं राहे, या बाकापाशी. तुमी काहून पुढं चालले?"

मी परत येऊन त्या बाकावर बसलो. त्याने चहा मागवला, तो निवून गेला.

गेल्या वर्षी मी सोबत होतो, तेव्हा याच बाकावर ती बसली होती. तिला धाप लागली होती. "पुढचे दोघं तुम्ही ठेवून या," असं म्हणून तिने कागद आणि दोन हरभरे माझ्याकडे दिले होते. मी मुलांना घेऊन गेलो, आकडे मोजत, पुलाच्या पलीकडे नेपच्यून ठेवला आणि परत आलो. "कुठं आला?" तिने विचारलं. पुलापलीकडे, मी म्हणालो. ती माझ्याकडे बघून हसली. "बरं," एवढंच म्हणाली. तिचा नेपच्यून दर वर्षी पुलाच्या अलीकडे, किलोमीटरच्या दगडापाशी येत असणार. ती मुलांसमोर बोलली नाही आणि घरीही बोलली नाही.

आकडे तिच्या पावलांचे होते आणि मी ते माझ्या पावलांनी चाललो होतो. लग्नाच्या सुरुवातीला ती मला "हळू चाला" म्हणायची. पुढे म्हणणं सोडून दिलं. मी पुढे जाऊन वळणावर थांबायचो आणि त्यालाच सोबत समजायचो.

ठेल्यापासून फाटकापर्यंत माझी पावलं भरली चारशे सत्तावीस. घरी माझं पाऊल मोजून हिशेब केला. तिचं पाऊल दोन फुटांचं येत होतं, म्हणजे आमच्या हॉलमधल्या एका फरशीएवढं. मग फरशीमागून फरशी अशी मी हॉलमध्ये येरझारा घातल्या. पाय सारखा फरशी ओलांडून पुढे पडायचा. पोटऱ्या दुखेपर्यंत चाललो.

दुसऱ्या दिवशी पृथ्वी निंबाच्या सावलीत आली. शनीपाशी ठेलेवाल्याने नुसती मान हलवली. त्यानंतर मुलं कंटाळली. युरेनस संपूनही नेपच्यून येईना, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "सर, इथं मधात काहीच नाही काय?"

हे दर वर्षी कुणीतरी विचारायचं, असं ती घरी येऊन सांगायची. तिचं उत्तर मला पाठ होतं.

"काहीच नाही. तेच दाखवायला आणलं."

सोळाशे सोळाव्या पावलाला दगड अजून दोन हात पुढे होता. मी हरभरा तिथेच ठेवला. मग मुलांना मागे वळून बघायला सांगितलं. फाटकाच्या खांबावर एक पिवळा ठिपका होता, काहींना दिसला, काहींना नाही. खरा सूर्यही नेपच्यूनवरून एवढाच दिसतो, हे मी पुस्तकांत वाचलेलं त्यांना सांगितलं. निघताना मुख्याध्यापिका म्हणाल्या, पुढच्या वर्षीची तारीख लिहून ठेवते.

संध्याकाळी कोहळं ओट्यावर ठेवलं आणि विळी घेतली. पहिली चीर सवयीने सरळ गेली. त्यानंतर मी थांबलो. इथून पुढे कोहळं कसं कापतात, हे मी कधी बघितलंच नव्हतं.