पुडी द्या

मूल होत नाही म्हणून भोसरीतल्या ज्या दवाखान्यात मी जाते, तिथे केसपेपर काढणाऱ्या मावशींची कुजबुजसुद्धा रस्त्यापर्यंत ऐकू येते. "एंडोमेट्रिओसिसवाली कोन हाय?" त्या विचारतात आणि गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढण्याच्या या आजारानं दुखणारं पोट धरून मी उठते.

परवा सासूबाई सोबत होत्या. "दोष हिच्यातच आहे," त्यांनी बाकावरच्या सगळ्यांना सांगितलं. शेजारी नवरा तंबाखू मळत होता. मावशींनी त्याच्यापुढे हात पसरला.

"पुडी द्या. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हंजी आतल्या पेशी खराब करनारा तान, बाईला असतो तसा बाप्याला बी असतो. तंबाखूनं वाढतो, डॉक्टरांनी तुमाला सांगितलं न्हाई व्हय?"

त्यानं पुडी दिली. सासूबाईंनी कमरेची मिशरीची डबी घाईघाईनं पदराखाली सरकवली आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच मला विचारलं, "फार दुखतंय का गं?"