सगुणकाकांचं परवडणारं रिव्हॉल्वर

आमच्या पार्से गावातले सगुणकाका तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले. बस सुटली, पण काका अजून तिच्यातून उतरलेले नाहीत. जेवताना चंद्रावतीकाकी भाताचा दुसरा डाव उचलतात तेव्हा काका ताटावर हात आडवा धरून म्हणतात, "पुरो गो, मागं जागा नाय." घरातून बाहेर पडताना मान उजवीकडे वळवून आरसा बघतात. तिथं आरसा नसतो, काकींचं वाळत घातलेलं लुगडं असतं, पण काका समाधानानं मान हलवतात आणि मगच पायरी उतरतात. कुणी वादात चुकलं तर "तू आता रिव्हर्स घे" म्हणतात. स्वतः मात्र कधी घेत नाहीत.

या नोकरीनं त्यांना पेन्शन दिलं आणि उजवा खांदा नेला. हात कमरेपासून छातीपर्यंत बिनतक्रार येतो, छाती हा शेवटचा स्टॉप. डॉक्टरनी त्याला इंग्रजी नाव दिलं आहे. काका ते नाव घेताना आवाज खाली आणतात, जसं काही पाहुणा आतल्या खोलीत झोपला आहे.

आता असा खांदा असलेल्या माणसाकडे वडिलांची बंदूक आली. शेती राखायची, परवान्यासकट, आणि उभी केली तर काकींच्या डोक्यावरून चार बोटं वर जाणारी. ती खांद्याला लावल्याशिवाय उडवता येत नाही आणि काकांना ती खांद्याला लावता येत नाही. त्यामुळे बंदुकीचा सगळा प्रवास झाला तो निवडणुकीला. आचारसंहिता लागली की काका तिला चादरीत गुंडाळून पोलीस स्टेशनात जमा करत, निकाल लागला की परत आणत. परत आणल्यावर काकी विचारायच्या, "कोण जिकलो, कळलां तिका?"

हे असंच चाललं असतं. पण गेल्या चतुर्थीला विनायककाका आले.

विनायक म्हणजे सगुणकाकांचा धाकटा भाऊ. डिचोलीत फ्लॅट, पांढरी गाडी, आणि प्रत्येक वाक्याच्या दाराशी एक 'बेसिकली' उभा. आल्या आल्या त्यांनी गणपतीला नमस्कार केला आणि वर टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली उभ्या उभ्याच विषय काढला. देवळामागची सामायिक जमीन दिल्लीच्या एका पार्टीला हवी आहे. तिथं व्हिला होणार, व्हिलात तलाव होणार. ओहोळ हाकेच्या अंतरावर असताना तलाव कशाला, हे काकींनी विचारलं, ते विनायककाकांनी ऐकलं नाही.

"दादा, बेसिकली, ती डेड प्रॉपर्टी आसा."

"डेड कशी रे? डुकरां रोज जेवतत थंय."

हे खरं होतं आणि तेच दुखणं होतं. दोन वर्षं लागोपाठ रताळी रानडुकरांनी खाल्ली होती. खाल्ली म्हणजे अशी की वेल वर तसाच हिरवागार, खाली वाफा नांगरल्यासारखा. विनायककाकांनी तोच धागा पकडला. बोलता बोलता सगुणकाकांना त्यांनी अशा वळणावर आणलं की काका गणपतीसमोर शब्द देऊन बसले: औंदा रताळी घरात आली तर जमीन राहील, डुकरांनी खाल्ली तर मी सही करीन.

काकी स्वयंपाकघरातून हे ऐकत होत्या. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळायच्या थांबल्या नाहीत, पण त्या दिवशी विनायककाकांच्या पानात करपलेल्याच आल्या.

जमीन जाणार म्हणजे काय, ते काकांना नीट कळलं होतं. निवृत्तीनंतर ते सकाळी तिकडेच जात. बांधावर बसत, दोन वाफे शिंपत, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत. दुसरं जायला ठिकाण नव्हतं. बसस्टँडवर जाऊन बसले तर नवे ड्रायव्हर त्यांना आजोबा म्हणत.

मग काकांनी मोबाइलवर शोध सुरू केला. खांद्याला लावावं लागत नाही असं हत्यार कोणतं? रिव्हॉल्वर. नातीनं, सिद्धीनं, त्यांना एक व्हिडिओ लावून दिला. त्यात टोपीवाला एक अमेरिकन जाडजूड रिव्हॉल्वरनं डुकराची शिकार करतो आणि मग गाडीच्या टपावर बसून अर्धा तास कोणतं स्वस्त, कोणतं टिकाऊ ते सांगतो. काकांना इंग्रजी येत नाही, पण सूर समजतो. चार दिवसांत ते अंगणात पाय फाकवून उभे राहायला लागले. हात छातीपर्यंत आणून, एक डोळा मिटून, नारळाच्या झाडाकडे बघत ओठांच्या कोपऱ्यातून म्हणायचे, "नाऊ धिस वन, फोक्स." काकी म्हणाल्या, डुकरांना इंग्रजी कळत असेल तर ती आताच पळतील, पैसे वाचतील.

शेवटी एका शुक्रवारी दोघं म्हापशाला गेली. बाजार करायचाच होता, बंदुकांचं दुकान वाटेत होतं. दुकानात महादेव नावाचा विक्रेता होता, मूळचा गडहिंग्लजचा. काकी त्याची गोष्ट सांगतात तेव्हा कंबरेवर हात ठेवून त्याच्यासारखं पोट पुढे काढतात.

"या की काका, बसा. मावशी, तुम्ही फॅनखाली बसा. काय दाखवू?"

काकांनी परवान्याचा कागद पुढे केला आणि सांगितलं, रिव्हॉल्वर पाहिजे, परवडणारं, डुकरासाठी. महादेवनं कागद वाचला, काकांकडे बघितलं, परत कागद वाचला. मग त्यानं शांतपणे एकेक खिळा ठोकला. हा कागद फक्त त्या लांब बंदुकीचा. रिव्हॉल्वरला परवाना वेगळा, तो मिळता मिळत नाही. शिकारीला तर कायद्यानं बंदीच, शेतात शिरलेलं डुक्कर मारायचं झालं तरी वनखात्याला विचारावं लागतं.

"आनि काका, खरं सांगू का? ह्या छोट्या गोळीनं डुक्कर मरत न्हाई. त्येला निस्ता राग येतो. मग त्यो बघतो, कोन हाय."

काका म्हणाले, बघूया तर खरं. ड्रायव्हर माणूस, शोरूमपर्यंत आल्यावर सीटवर बसल्याशिवाय जाणार नाही. महादेवनं माणूस ओळखला आणि रिकामी तीन रिव्हॉल्वरं कपड्यावर मांडली. पहिलं हलकं, पण किंमत ऐकून काकांनी ते उकळत्या किटलीसारखं खाली ठेवलं. दुसरं त्याच्यापेक्षा स्वस्त, पण वजनानं काकांचं मनगट टेबलाला लागलं. तिसरं जुनं, कुणा वारलेल्या डॉक्टरचं, परवडेल असं आणि हाताला बरं. काकांनी ते धरलं, एक डोळा मिटला, घोडा ओढला. घोडा हलला नाही. दोन बोटांनी ओढला. तोंड लाल झालं, खांदा कानाला चिकटला, घोडा जागच्या जागी.

"बघू हय," म्हणत काकींनी ते घेतलं आणि टक, टक, टक, सहाही वेळा ओढून दाखवलं. जन्मभर आदोळीवर नारळ खवलेला हात तो. महादेव दोन पावलं मागे सरकला. म्हणाला, मावशी, परवाना तुमच्या नावानं काढा.

परतीच्या बसमध्ये काका खिडकीकडे बघत बसले. डॉक्टरचं जुनं घ्यावं आणि परवान्याला अर्ज करावा, की हे सगळं सोडावं? पेडणे येईपर्यंत ठरेना. आणि आमच्याकडे जे माणसाला ठरत नाही ते देवाला विचारतात. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

गाऱ्हाणं घालायचा मान शांताराम गावकरांचा. आवाज असा की देवळाच्या घंटेनं शिकवणी लावावी. पण त्यांची एक सवय आहे: देवासमोर काही सुटायला नको म्हणून ते सगळंच घालतात. कुणाची म्हैस हरवली तरी गाऱ्हाण्यात म्हशीबरोबर गावची इडापिडा, पोरांच्या परीक्षा आणि रस्त्यावरचे खड्डे येतात. सोमवारी सकाळी देवळात बरीच माणसं होती, कारण सगुण रिव्हॉल्वर घेतोय ही बातमी काकांच्या आधी म्हापशाहून पोचली होती. गावकरांनी काकांना विचारून घेतलं, डोळे मिटले, आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळी मंडळी म्हणाली.

"आज ह्यो तुजो लेकरू सगुण, वडिलांच्या जमिनीच्या राखणेखातीर, एक ल्हान हत्यार घेवक बघता म्हाराजा. रिव्हॉल्वर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"परवडणारा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

इथं थांबायला हवं होतं. पण गावकरांचा श्वास बाकी होता.

"तर ह्या जमिनीर जो कोण वाकडो डोळो घालीत, चार पायांचो आसो, दोन पायांचो आसो, गावचो आसो, परगावचो आसो, घरचो आसो, दारचो आसो, तेका ह्याच हत्याराच्या एका बारान सरळ कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आणि उजवी पाकळी पडली. पडली म्हणजे काय, मागे वाट बघत उभी असल्यासारखी टपकन पडली. काकांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांसमोर डुकरंच होती. बाकी कुणाच्या डोळ्यांसमोर काय होतं सांगता येत नाही, पण खांबाला टेकून उभ्या असलेल्या परेशनं हे सगळं मोबाइलवर घेतलं आणि गावच्या ग्रुपवर टाकलं. त्या ग्रुपवर डिचोलीचे विनायककाकाही आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनायककाका आले. एरवी त्यांची गाडी आधी हॉर्न देते, मग दिसते. त्या दिवशी गाडी वरच्या रस्त्यालाच राहिली. ते चालत आले, अंगणाच्या कडेला थांबले आणि हाक मारली.

"दादा, मी विनायक. एकटोच आसंय."

काकांना आनंद झाला. भाऊ सणवार नसताना, कामाशिवाय, चालत आला. त्यांनी त्याला आत बोलावलं. विनायककाका दाराजवळच्या खुर्चीवर बसले, तेही अर्ध्याच. हातातलं मिठाईचं खोकं त्यांनी मांडीवर उभं धरलं होतं. इतका वेळ झाला तरी एकही 'बेसिकली' आला नाही, तेव्हा काकी आतून बाहेर येऊन बघून गेल्या.

विनायककाकांनी हळूच विचारलं की हे रिव्हॉल्वरचं काय. काका याच प्रश्नाची वाट बघत होते. चार दिवस साठवलेलं सगळं त्यांनी काढलं. स्वस्त कसलं, टिकाऊ कसलं, डॉक्टरचं जुनं कसं हातात बसतं. उठून उभे राहिले, पाय फाकवले, दोन बोटं दाराच्या दिशेनं रोखली.

"लांबसून उपयोग नाय, विनायक. जवळ येवक देवचा. ह्या दारापासून त्या खुर्चीइतक्यार. आणि मगे, डोळ्यात बघून."

खुर्ची मागे सरकली. तिच्या मागे भिंत होती, त्यामुळे थांबली.

"देवान उजवो दिलो," काका म्हणाले. "आयकलं मा?"

"आयकलंय," विनायककाका म्हणाले. "दोनदा आयकलंय." मग त्यांनी खोकं खाली ठेवलं आणि एका दमात बोलून टाकलं: "दादा, जमीन विकूक नाय. दिल्लीवाल्याक मी काल रातीच ना म्हणून सांगलंय. चतुर्थीचो शब्द सोडून दी. सोलारच्या करंटाचा कुंपण घालूया भोवतणी, खर्च माजो. डुकरां येवची नाय. पण तां हत्यार नको, तुका वडिलांची आण."

काकांना कुंपणापेक्षा भावाचा चेहरा नवा होता. ते मनापासून म्हणाले, "अरे, पण तां रिव्हॉल्वर मी अजून..."

"च्या निवता," काकी म्हणाल्या, आणि कप त्यांच्या हातात असा दिला की तो सांभाळायला दोन्ही हात लागले. काकांचं वाक्य चहात बुडालं.

विनायककाका उठले. पायरीवर थांबून त्यांनी काकींना बाजूला घेतलं आणि कुजबुजत विचारलं, वयनी, ते ठेवलंय कुठं?

"आसा थंय आसा," काकी म्हणाल्या. "आणि थंयच रवांदे. तुमी कुंपणाचा बघा."

जिथं आहे तिथंच आहे, हे अक्षरशः खरं होतं. ते म्हापशाच्या दुकानात होतं.

कुंपण आठवड्याभरात आलं. बेळगावकडची दोन माणसं खांब पुरायला आली आणि विनायककाका रोज सकाळी डिचोलीहून येऊन जातीनं उभे राहिले. तार ओढताना ते दादांच्या वाफ्यांना दोन बोटं जास्तच जागा सोडत होते आणि विचारत होते, "दादा, असा चलात मा?" दादा बांधावर बसून मान हलवत. काकांना विनायकचा इतका लळा आधी कधी लागला नव्हता. दुपारी ते काकींना म्हणाले, माणूस सुधारता गो वयान.

एवढंच एक होतं. काकांना तंबाखूची सवय. बोलता बोलता त्यांचा हात चड्डीच्या खिशात जायचा, डबी शोधत खिशातल्या खिशात फिरायचा. तेवढा वेळ विनायककाका वाक्याच्या मध्येच उभे राहायचे, आणि डबी बाहेर आली की पुढचा शब्द घ्यायचे.